परतीची वाट मोडण्याचा निर्णय कोणाचा?

विंडोज 10चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. त्या आधीपासूनच घरांतले, दुकानांतले, शाळांतले आणि छोट्या कार्यालयांतले संगणक विंडोज 11वर नेण्याची लगबग सुरू झाली होती आणि ती अजून संपलेली नाही. नवी प्रणाली चढली की पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेकांची एकच तक्रार असते. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते, अपडेटला जागा पुरत नाही आणि काल मोकळी असलेली वीस-पंचवीस जीबी जागा कुठे गेली ते कळत नाही. मग कोणी ओळखीच्या तंत्रज्ञाला फोन लावतो, तर कोणी इंटरनेटवर सापडलेले एखादे सफाईचे सॉफ्टवेअर उतरवून घेतो. एखादा विंडोजच्या स्टोरेज पानावर जाऊन दिसतील त्या सगळ्या चौकटींवर खूण करतो आणि बटण दाबतो. जागा मोकळी होते. पण त्या एका बटणासरशी आणखी काय गेले, याचा हिशोब फारसा कोणी मांडत नाही. तो मांडायला हवा, कारण प्रश्न काही जीबींपुरता नाही. जुन्या प्रणालीकडे परतण्याची वाट कधी मोडायची आणि ती कोणी मोडायची, हा तो प्रश्न आहे.

आधी ही जागा कशाने व्यापते ते पाहू. चालू विंडोजवर पुढची आवृत्ती चढवली की जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही. तिच्या फाइल्स सी ड्राइव्हवरच ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवल्या जातात. त्यात जुनी विंडोज, जुन्या प्रोग्रॅमच्या फाइल्स आणि वापरकर्त्यांच्या खात्यांचे अवशेष असतात. याच फोल्डरच्या बळावर सेटिंग्जमधल्या रिकव्हरी पानावरचे ‘गो बॅक’ हे बटण चालते. हा फोल्डर अनेकदा वीस जीबींच्या घरात जातो. त्याशिवाय अपग्रेडसाठी उतरवलेल्या फाइल्स आणि नोंदींच्या लॉग फाइल्सही मागे राहतात. 2019पासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये अपडेटसाठी साधारण 7 जीबी जागा राखून ठेवण्याची सोयही आली आहे. मोठ्या ड्राइव्हवर हा सगळा भार जाणवत नाही. पण 256 जीबीची म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये 238 जीबीच दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024च्या पटीत. तीवर दहा वर्षांचे फोटो, कार्यालयाचे हिशोब आणि मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ असले, तर वीस जीबी ही मोठी रक्कम ठरते. 64 जीबीच्या यंत्रावर तर ती जवळपास एक तृतीयांश आहे, आणि विंडोज 11 चालण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान मर्यादा 64 जीबीच आहे.

म्हणून जुनी प्रणाली लगेच काढून टाका असे सांगणाऱ्यांची बाजू हलकी नाही. जागा नसेल तर दर महिन्याची सुरक्षा अपडेट अर्धवट अडकतात, आणि ज्या सुरक्षिततेसाठी अपग्रेड केले तीच हातची जाते. एसएसडीला आतल्या आत माहिती हलवायला मोकळी जागा लागते. ती काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो आणि नवी विंडोजच मंद आहे असा समज होतो. खासगीपणाचाही मुद्दा आहे. जुन्या फोल्डरमध्ये वापरकर्त्यांची कागदपत्रे उरलेली असू शकतात. यंत्र विकायचे असेल, भावंडांना द्यायचे असेल किंवा कार्यालयात ते दुसऱ्या माणसाच्या टेबलावर जाणार असेल, तर ती तशीच ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय जी जुनी विंडोज पुन्हा कधीच चालू होणार नाही, तिचा सांगाडा वर्षानुवर्षे वाहण्यात काही शहाणपण नाही.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजूही तितकीच खरी आहे. नवी प्रणाली पहिल्या दिवशी सुरळीत चालली म्हणजे सारे सुरळीत झाले असे होत नाही. ज्या वस्तू रोज लागत नाहीत त्यांचीच अडचण उशिरा उघडी पडते. स्कॅनर महिन्यातून एकदा लागतो. लेबल छापायचा प्रिंटर गिऱ्हाईक आले की लागतो. डिजिटल सहीची यूएसबी टोकन विवरणपत्र भरायच्या वेळी लागते. त्यांचे ड्रायव्हर विंडोज 11वर चालत नाहीत हे कळेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. नव्या घरात दिवे, नळ आणि गॅस नीट चालतात हे पाहिल्याशिवाय जुन्या घराची किल्ली कोणी मालकाच्या हातात ठेवत नाही. इथेही त्याहून वेगळे काही करायचे नाही.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या वर्गासाठी या सबुरीला आणखी एक कारण आहे. युनिकोड रुळण्याआधी, आणि अनेक छापखान्यांत व डीटीपी केंद्रांत त्यानंतरही, मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाला. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळेचे दाखले, संस्थांची इतिवृत्ते आणि हस्तलिखितांवरून टाइप केलेली पुस्तके अशा फॉन्टमध्ये आहेत. या फाइल्स जपल्या, पण फॉन्ट गेला, तर समोर उरतात अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे. चालू विंडोजमधूनच रीतसर अपग्रेड केले असेल तर फॉन्ट सहसा जागेवर राहतात. पण पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञ ड्राइव्ह फॉरमॅट न करता त्याच जागी नवी विंडोज कोरी बसवतो. अशा वेळी जुने फॉन्ट, डेस्कटॉपवरच्या फाइल्स आणि डॉक्युमेंट्सचे सारे फोल्डर ‘विंडोज.ओल्ड’मध्ये जाऊन बसतात. ज्याला आपण जुन्या विंडोजचा कचरा समजतो, त्यातच वापरकर्त्याची एकमेव प्रत असू शकते. ‘सर, सी ड्राइव्ह साफ करून दिला आहे’ हे वाक्य दुकानात कौतुकाने ऐकले जाते. ते ऐकताना काय साफ केले हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि न विचारता सांगणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे.

या दोन बाजूंमध्ये तिसरा निर्णयकर्ता आहे, तो म्हणजे खुद्द कंपनी. विंडोज 10 जुलै 2015मध्ये आली तेव्हा जुन्या प्रणालीकडे परतायला सुमारे महिनाभराची मुदत होती. ऑगस्ट 2016च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ती 10 दिवसांवर आली आणि विंडोज 11मध्येही तीच कायम आहे. मुदत संपली की जुनी प्रणाली आपोआप पुसली जाते. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने दिलेले कारण असे होते की परत जाणारे बहुतेक लोक पहिल्या काही दिवसांतच जातात, म्हणून उरलेल्या काळात अडकणारी जागा मोकळी करणे योग्य. हा युक्तिवाद एकदम धुडकावण्यासारखा नाही. कोट्यवधी वापरकर्त्यांपैकी बहुसंख्य लोक स्टोरेजचे पान कधी उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी कोणीतरी आवरले नाही, तर त्यांची यंत्रे काही वर्षांत गुदमरतील. स्वयंचलित सफाई नसलेले जग अधिक चांगले असेल, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

पण या युक्तिवादात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की सरासरी वापरकर्त्याच्या सोयीवर नियम बेतला की अडचण उशिरा कळणारा माणूस उघड्यावर पडतो, आणि परतीची वाट सर्वांत जास्त त्यालाच लागते. पहिल्याच दिवशी ज्याचा पडदा काळा झाला त्याला 10 दिवस पुरेसे आहेत. ज्याचे तिमाही विवरण अडकले त्याला ते पुरत नाहीत. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ही मुदत वाढवता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘डिझम’ या विंडोजमधल्याच साधनाने, प्रशासकाच्या अधिकारात कमांड प्रॉम्प्ट उघडून, ही मुदत 60 दिवसांपर्यंत नेता येते. मात्र हे जुनी प्रणाली पुसली जाण्याआधी करावे लागते. सोय आहे, पण ती काळ्या खिडकीत टाइप कराव्या लागणाऱ्या आज्ञेत आहे. सामान्य माणसाच्या नजरेस पडणाऱ्या पानावर ती नाही. ज्याला ती सर्वांत जास्त उपयोगी पडावी, त्याच्यापासूनच ती सर्वांत दूर ठेवली आहे.

यंत्राने ‘हे निरुपयोगी आहे’ असे ठरवण्यात काय धोका असतो, हे ऑक्टोबर 2018मध्ये दिसले. त्या महिन्याच्या 2 तारखेला विंडोज 10ची 1809 ही आवृत्ती खुली झाली आणि काही दिवसांतच ती थांबवावी लागली, कारण काही वापरकर्त्यांचे डॉक्युमेंट्स आणि फोटो नाहीसे झाले होते. मायक्रोसॉफ्टने नंतर जे कारण सांगितले ते या चर्चेच्या थेट मुळाशी जाते. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते, त्यांच्याकडे जुन्या ठिकाणी त्याच नावाचे रिकामे फोल्डर उरत. ते आवरण्यासाठी अपडेटमध्ये सफाईची तजवीज केली गेली. पण काहींच्या बाबतीत ते जुने फोल्डर रिकामे नव्हते. त्यात फाइल्स होत्या आणि त्याही गेल्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारींचे प्रमाण 0.01 टक्के होते. दुरुस्त आवृत्ती 13 नोव्हेंबरला पुन्हा आली. या घटनेतला हेतू वाईट नव्हता. वापरकर्त्यांनी केलेल्या तक्रारीवरूनच ती सफाई आली होती. तरीही 0.01 टक्क्यातल्या माणसाच्या दृष्टीने नुकसान शंभर टक्के होते. जागा पुन्हा मिळवता येते, विकतही घेता येते. गेलेला फोटो, गेलेले हस्तलिखित आणि गेलेला हिशोब तसा मिळत नाही. या दोन तोट्यांचे वजन सारखे नाही, आणि कोणताही निर्णय या असमानतेपासून सुरू व्हायला हवा.

दुसऱ्या टोकाला बाहेरची सफाईची सॉफ्टवेअर आहेत. ‘एका क्लिकमध्ये पन्नास जीबी’ अशा आश्वासनांनी ती बोलावतात. त्यांतली काही उपयोगी असतीलही, पण ज्याच्या हाती संपूर्ण ड्राइव्ह पुसण्याचा अधिकार द्यायचा, त्याच्यावर विश्वासही तेवढाच हवा. 2017मध्ये सीक्लीनर या जगभर नावाजलेल्या सफाई साधनाच्या एका अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती आवृत्ती सुमारे 22 लाख संगणकांवर पोहोचली होती. रजिस्ट्री ‘स्वच्छ’ करणाऱ्या साधनांना तर मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाच नाही. रजिस्ट्रीतल्या नोंदी पुसून जागेत पडणारा फरक नगण्य असतो आणि बिघडले तर सारी प्रणाली बसते. विंडोजमध्ये स्टोरेज पान आणि डिस्क क्लीनअप ही साधने असताना अपग्रेडनंतरच्या आवराआवरीसाठी बाहेरच्या मदतीची गरज सहसा पडत नाही.

घरच्या साधनांतही सावधपणे पाहायच्या चौकटी आहेत. 2018च्या त्याच आवृत्तीपासून काही काळ डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही दिसत असे, आणि सवयीने सगळ्या खुणा करणाऱ्यांसाठी तो सापळाच होता. पुढे तिथून तो पर्याय काढला गेला. पण सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत डाउनलोड्स अजूनही येते. मराठी घरांत डाउनलोड्स म्हणजे तात्पुरत्या फाइल्सची जागा नव्हे. सातबारा, विम्याची पॉलिसी, निकालपत्र, आधारची प्रत हे सारे तिथेच वर्षानुवर्षे पडून असते. म्हणून त्या चौकटीवरची खूण आधी काढावी आणि मग पुढे जावे.

आता यादीतले काय निःशंकपणे जाऊ द्यावे आणि कशाला हात लावू नये, हे थोडक्यात. टेम्पररी फाइल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या फाइल्स, लघुचित्रे आणि जुन्या बिघाडांचे अहवाल गेले तर काही बिघडत नाही. रीसायकल बिन एकदा डोळ्यांखालून घालून रिकामा करावा. विंडोज फोल्डरमधल्या ‘विनएसएक्सएस’ला मात्र हाताने कधीही हात लावू नये. त्याचा आकार पाहून धडकी भरते. पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंकने दुसरीकडेही दिसतात, म्हणून एक्सप्लोरर तो आकडा फुगवून दाखवतो. डिझमने त्याची खोल सफाई करता येते. मात्र ‘रीसेटबेस’ हा पर्याय वापरला की आधी बसवलेली अपडेट काढून टाकण्याची सोय जाते, म्हणजे इथेही जागेच्या बदल्यात एक परतीची वाट मोडली जाते. हायबरनेशन बंद केले तर रॅमच्या प्रमाणात काही जीबी मोकळे होतात, पण लॅपटॉप जलद सुरू होण्याची सोयही त्यासोबत जाते. पडद्यावरचा प्रत्येक आकडा प्रमाण मानायचेही कारण नाही. विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीत काहींना 8.63 जीबीची अपडेट सफाई सतत दिसत राहिली आणि कितीही पुसले तरी ती जाईना. ती जागा प्रत्यक्षात अडलेली नव्हती, आकडा दाखवण्यातच चूक होती.

मग सामान्य वापरकर्त्याने काय करावे? आमच्या मते पुसायचे की नाही, यापेक्षा कोणत्या क्रमाने पुसायचे हे महत्त्वाचे आहे. पहिले काम स्वतःच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचे, आणि त्या प्रतीतल्या चार-दोन फाइल्स उघडून पाहण्याचे. वनड्राइव्हची मोफत जागा 5 जीबीच असल्याने तेवढ्यावर विसंबून भागत नाही. दुसरे काम ‘विंडोज.ओल्ड’ उघडून पाहण्याचे. त्यातल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये आपले काही आहे का, आणि युनिकोड नसलेले फॉन्ट वापरत असाल तर जुन्या ‘फॉन्ट्स’मधले काही उचलून ठेवायचे आहे का, हे तपासावे. तिसरे काम क्वचित लागणारी उपकरणे मुद्दाम चालवून पाहण्याचे: प्रिंटर, स्कॅनर, टोकन, हिशोबाचे सॉफ्टवेअर. ही तिन्ही झाली की जुनी प्रणाली स्टोरेज पानावरून काढावी. तिथून काढलेली गोष्ट रीसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून ते शेवटचे पाऊल आहे.

या क्रमाला किती दिवस द्यायचे, हे यंत्रावर अवलंबून आहे. 512 जीबी किंवा अधिक जागा असेल आणि त्यातली निम्मी रिकामी असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. मुदत 60 दिवसांपर्यंत वाढवून एखादा हिशोबी महिना किंवा तिमाहीची अखेर जाऊ द्यावी. 256 जीबीच्या भरलेल्या यंत्रावर तिन्ही कामे पहिल्याच आठवड्यात उरकावी आणि मग जागा सोडवावी. 64 किंवा 128 जीबीच्या यंत्रावर हे शक्यच नसेल, तर अपग्रेडच्या आधीच प्रत काढणे हाच शहाणपणा. अशांना विंडोज 10साठी 13 ऑक्टोबर 2026पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोयही ठेवलेली आहे. घाईत अपग्रेड करून मग जागेसाठी घाईत पुसण्यापेक्षा तिचा विचार करावा. परत जाण्याचीही किंमत असते हे विसरू नये. ‘गो बॅक’ केले की नव्या विंडोजवर बसवलेली सॉफ्टवेअर आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. म्हणून निर्णय लांबवत राहणे हा निर्णय न घेण्याचा मार्ग होऊ नये.

व्यक्तीने काळजी घ्यावी एवढे सांगून थांबणे अन्यायाचे होईल. ज्याने मुदत ठरवली, त्याच्याकडूनही काही मागणे रास्त आहे. आपोआप पुसण्याच्या दोन दिवस आधी पडद्यावर ठळक सूचना यावी: अमुक तारखेला जुनी प्रणाली जाणार, तिच्यात तुमच्या एवढ्या फाइल्स आहेत, ठेवायची आहे की जाऊ द्यायची? मुदत वाढवण्याचे बटण त्याच पानावर असावे, कमांड प्रॉम्प्टमध्ये नव्हे. जागा भरपूर असलेल्या यंत्रावर 10 दिवसांचा आग्रह मुळात नसावाच. यासाठी नवे तंत्र लागत नाही. असलेली सोय समोर आणायची आहे. ही सूचना मराठीतही नीट, समजेल अशा शब्दांत यावी, कारण ज्याला ती वाचायची आहे तो गावातला दुकानदार आणि शाळेतला शिक्षक आहे.

आपल्याकडच्या दुकानांनी आणि संस्थांनीही एक शिस्त स्वीकारावी. अपग्रेडसाठी आलेल्या यंत्रातून काय पुसले आणि काय ठेवले, याची चार ओळींची नोंद बिलासोबत द्यावी. शाळा आणि कार्यालयांनी जुनी प्रणाली काढण्याआधी विभागप्रमुखाची होकारार्थी सही घ्यावी. सुटीच्या काळात अपग्रेड केले, तर शिक्षक परत येण्याआधीच 10 दिवस संपतात, हे ध्यानात ठेवून तारीख निवडावी. यात खर्च काहीच नाही, आणि वाद मात्र पुष्कळ टळतात.

सफाईला आमचा विरोध नाही. भरलेला ड्राइव्ह हा खराखुरा धोका आहे आणि जुनी विंडोज कायमची जपून ठेवण्यात अर्थ नाही. बहुतेकांच्या बाबतीत ती जाणेच योग्य आहे, आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच जाणे योग्य आहे. पण ती जाण्याचा क्षण कॅलेंडरने ठरवू नये आणि दुकानदाराच्या सवयीनेही ठरवू नये. ज्याचे कागद त्या ड्राइव्हवर आहेत, त्याने ते पाहून, प्रत घेऊन, होय म्हटल्यावरच ती जावी. सोय कंपनीची असू शकते, श्रम तंत्रज्ञाचे असू शकतात. नुकसान झाले तर ते सोसणारा मात्र एकटा मालकच असतो, म्हणून शेवटचा होकारही त्याचाच असला पाहिजे.